शाळा सुटली, लाइट चालू!

अमेरिकेत ऑनसाइट गेलेला आपला मराठी माणूस घर शोधताना सगळ्यात आधी काय बघतो? ऑफिसचं अंतर? इंडियन ग्रोसरीचं दुकान? छे! पदरात पोरं असतील तर तो आधी बघतो शाळेचं रेटिंग. ग्रेटस्कूल्स नावाची एक साइट आहे. ती प्रत्येक शाळेला एक ते दहापैकी मार्क देते. नऊ-दहावाली शाळा ज्या एरियात, तिथलं भाडं खिसा फाडणारं. तरी आपली मंडळी रांगेत उभी. कारण तिकडे सरकारी शाळेत अ‍ॅडमिशन मिळते ती बहुतेक ठिकाणी घराच्या पत्त्यावर. डोनेशन नाही, पेरेंट्सचा इंटरव्ह्यू नाही, 'साहेबांची चिठ्ठी' नाही. पत्ता बदला, शाळा बदलते.

माझी एक मावसबहीण कॅलिफोर्नियात फ्रीमॉन्टला राहते. परवा फोनवर म्हणाली, "अगं, आम्ही डोनेशन देत नाही गं, पण दर महिन्याला भाड्यातून तेच भरतोय." पटलं.

पण फोन ठेवल्यावर एक किडा डोक्यात वळवळत राहिला. नऊ-दहावाल्या शाळेत आपली पोरं. मग एक-दोनवाल्या शाळेत कोण जातं? आणि त्या शाळांचं तिथलं सरकार करतं काय?

तर उत्तर शोधायला बसले आणि तीन रात्री त्यातच गेल्या. उत्तराचं नाव 'कम्युनिटी स्कूल'. नाव ऐकून वाटतं की एखाद्या समाजाची, ज्ञातीची शाळा असेल. तसं काही नाही. ही साधी सरकारी शाळाच असते. फक्त तिथं वर्गांच्या शेजारी डॉक्टर बसतो, डेंटिस्ट बसतो, समुपदेशक असतो, संध्याकाळी आईबाबांचे इंग्लिशचे क्लास चालतात आणि एखाद्या खोलीत घरी न्यायला धान्य आणि डबाबंद खाणं ठेवलेलं असतं. आता तुम्ही म्हणाल, शाळा आहे की वॉर्ड ऑफिस? थांबा जरा.

दाढ दुखत असेल तर गणित कसं सुटणार?

ओहायो राज्यातल्या सिनसिनाटी शहरात लोअर प्राइस हिल नावाची एक वस्ती आहे. अ‍ॅपलेशियन डोंगराळ भागातून कारखान्यात काम करायला आलेल्या गोऱ्या कामगारांची. कारखाने बंद पडत गेले, वस्ती तिथंच राहिली. आपल्या गिरणगावाची गोष्ट, फक्त कातडीचा रंग वेगळा. या वस्तीत ऑयलर नावाची शाळा आहे. ती पूर्वी आठवीपर्यंतच होती. पुढचं हायस्कूल वस्तीबाहेर, दूर. परिणाम? बहुतेक मुलांची शाळा आठवीनंतर सुटायची, ती कायमचीच. मग पालकांनीच लावून धरलं की हायस्कूल इथंच हवं. ते झालं. शाळा बारावीपर्यंत गेली आणि वस्तीतल्या पोरांच्या हातात हायस्कूलचं सर्टिफिकेट दिसायला लागलं.

पण खरी गंमत इमारतीच्या आत आहे. ऑयलरमध्ये दवाखाना आहे, दातांचा दवाखाना आहे आणि २०१२ पासून चक्क डोळ्यांचं सेंटर आहे. तपासणी तिथंच, चष्माही तिथंच. यात शाळेचं बजेट किती फाटलं असेल असं वाटेल. तर सिनसिनाटीची आयडिया अशी की, शाळेनं फक्त जागा द्यायची. दवाखाना चालवणारी संस्था आपला खर्च आपण उभा करते. गरीब मुलांना मेडिकेड नावाचा सरकारी आरोग्य विमा असतोच, बिल तिकडे जातं. म्हणजे पैसा आधीपासून होता. फक्त तो शहराच्या दुसऱ्या टोकाच्या हॉस्पिटलात होता आणि तिथं पोराला न्यायला आईला एक दिवसाची मजुरी बुडवावी लागायची. सिनसिनाटीनं काय केलं, तर डॉक्टरलाच शाळेत आणून बसवलं. २००१ च्या सुमारास तिथल्या स्कूल बोर्डानं ठरवलं की, शहरातल्या सगळ्याच शाळा हळूहळू अशा करायच्या.

चष्म्याचं वाचताना मी मात्र थेट सहावीत पोचले. मला फळ्यावरचं दिसायचं नाही. पण दिसत नाही हे मला तरी कुठं माहीत होतं? मला वाटायचं, सगळ्यांनाच असं पुसट दिसतं. मी शेजारणीच्या वहीतून उतरवून घ्यायचे आणि बाईंना वाटायचं, या दोघींच्या गप्पाच संपत नाहीत. आमच्याकडे डॉक्टर वर्षातून एकदा यायचे. 'जीभ दाखव, आ कर, पुढची!' झालं चेकअप. शेवटी एका लग्नात काकांनी लांबची पाटी वाचायला सांगितली तेव्हा उलगडा झाला. माझ्या घरी चष्म्याला पैसे होते, विषय संपला. ज्या घरात नसतात तिथं अशा मुलावर 'ढ' असा शिक्का बसतो आणि तो कुठल्याच चष्म्यानं पुसला जात नाही. न्यूयॉर्कनं २०१५ पासून आपल्या कम्युनिटी स्कूलमधल्या मुलांचे डोळे तपासून फुकट चष्मे द्यायला सुरुवात केली, ते उगाच नाही.

अमेरिकेत शाळेची हजेरी हा सध्या मोठ्ठा डोकेदुखीचा विषय आहे. वर्षाचे साधारण १८० दिवस. त्यातले दहा टक्के, म्हणजे १८ दिवस जो मुलगा गैरहजर, तो धोक्याच्या यादीत. कोविडनंतर ही यादी भयानक फुगली. आणि मुलं का येत नाहीत? आळशी म्हणून? कारणं वाचली तर गप्प व्हायला होतं. दमा. दाढदुखी. धाकट्या भावंडाला सांभाळायला कुणी नाही. भाडं थकलं म्हणून घर सोडावं लागलं. धुतलेले कपडे नाहीत म्हणून लाज वाटते! या शेवटच्या कारणासाठी काही शाळांनी चक्क वॉशिंग मशीन बसवून घेतली. यातल्या एकाही प्रश्नाला गणिताच्या एक्स्ट्रा क्लासचं उत्तर चालत नाही.

आयडिया जुनीच आहे, बॉस

ही कुठल्या मॅनेजमेंट गुरूची नवी आयडिया नाही. १९०२ मध्ये जॉन ड्यूई या तत्त्वज्ञानं एका भाषणात मांडलं होतं की शाळा हे आजूबाजूच्या समाजाचं केंद्र असायला हवं. लहान मुलांनी पाढे म्हणायची जागा, एवढंच तिचं काम नाही. ड्यूई हे नाव ऐकल्यासारखं वाटतंय? वाटायलाच हवं. पुढे हेच ड्यूई न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकवायला आले आणि १९१३ ते १९१६ या काळात तिथं शिकत असलेल्या बाबासाहेब आंबेडकरांचे ते प्रोफेसर झाले. 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये बाबासाहेबांनी त्यांचं ऋण मोकळेपणानं मान्य केलंय. म्हणजे या गोष्टीचं आपल्याशी नातं ऑनसाइट आणि ग्रीन कार्डच्या कितीतरी आधीचं आहे.

मग १९३५. मिशिगनमधलं फ्लिंट, मोटारींचं गाव. फ्रँक मॅन्ली नावाच्या एका पीटीच्या सरांनी जनरल मोटर्समधले बडे उद्योगपती चार्ल्स स्टुअर्ट मॉट यांना गाठलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं. शाळेच्या एवढ्या मोठ्या इमारती, मैदानं, जिम दुपारनंतर कुलूपबंद आणि पोरं रस्त्यावर. कुलूप काढा! मॉट यांनी पैसे दिले आणि फ्लिंटच्या शाळांमध्ये रात्री दिवे लागायला लागले. 'लाइटेड स्कूलहाउस' असं त्याला नावच पडलं. या कॉलमचं टायटल मी तिथूनच ढापलंय!

नंतर ही कल्पना कधी वर, कधी खाली. आपल्या फॅशनसारखीच. बेलबॉटम जातं, परत येतं. २००८ मध्ये केंद्र सरकारनं, म्हणजे वॉशिंग्टननं, यासाठी जेमतेम ५० लाख डॉलरची छोटी योजना काढली. २०१५ च्या शिक्षण कायद्यात तिला जागा मिळाली. २०२३ पर्यंत तिचं वर्षाचं बजेट १५ कोटी डॉलरवर गेलं होतं. न्यूयॉर्कचे मेयर बिल डी ब्लासिओ यांनी २०१४ मध्ये ४५ शाळांपासून सुरुवात केली आणि नंतर तो आकडा शेकड्यांवर नेला. लॉस एंजेलिसमध्ये जानेवारी २०१९ मध्ये ३० हजारांवर शिक्षक संपावर गेले. सहा दिवस शहर ढवळून निघालं. संप मिटताना पगाराबरोबर एक कलम पदरात पडलं, ३० कम्युनिटी स्कूल! पगारवाढीच्या टेबलावर हे मागणारी युनियन मी तरी पहिल्यांदाच बघितली.

आणि मग आला सगळ्यांचा बाप. कॅलिफोर्निया राज्यानं २०२१ मध्ये ३ अब्ज डॉलर आणि पुढच्या वर्षी आणखी १.१ अब्ज बाजूला काढले. एकूण ४.१ अब्ज. आपल्या हिशेबात ३५ हजार कोटी रुपयांच्या आसपास. २ हजारांहून जास्त शाळा यात आल्या. जिथं गरीब मुलं जास्त, तिथं पैसा आधी, असा नियम.

धागा धरून ठेवणारा माणूस

आता एवढ्या पैशात करतात काय? कागदावर चार खांब सांगितले जातात. एक, मुलाला लागेल ती मदत शाळेतच. दोन, शाळेआधी, शाळेनंतर आणि सुट्टीतही शिकायची सोय. तीन, पालक आणि वस्ती यांचा खराखुरा सहभाग. चार, निर्णय एकट्या हेडमास्तरांनी न घेता सगळ्यांनी मिळून घ्यायचे.

छान. असे खांब आपल्या ऑफिसच्या प्रेझेंटेशनमध्येही असतात. फरक पडतो तो पाचव्या गोष्टीनं आणि ती म्हणजे एक माणूस. पदाचं नाव 'कम्युनिटी स्कूल को-ऑर्डिनेटर'. हा शिकवत नाही. याचं काम एकच, धागे जुळवणं. हजेरीच्या यादीत एक नाव सलग चार दिवस लाल दिसलं की हा फोन करतो, घरी जातो. कारण कळलं की त्या कारणाला लागू पडणारा माणूस शोधतो. दमा असेल तर दवाखाना, भाडं थकलं असेल तर घरासाठी मदत करणारी संस्था, आई रात्रपाळीला असेल तर सकाळी लवकर उघडणारा क्लास. आपल्या भाषेत सांगायचं तर हा शाळेचा प्रोजेक्ट मॅनेजर. टीममध्ये प्रोजेक्ट मॅनेजर नसेल तर काय होतं, हे तुम्हाला मी सांगायला नको!

लॉस एंजेलिसच्या कोरियाटाउनमधलं उदाहरण बघा. रॉबर्ट केनेडी यांची १९६८ मध्ये ज्या अ‍ॅम्बॅसेडर हॉटेलात हत्या झाली, त्या जागेवर आज सरकारी शाळांचं मोठं संकुल आहे. त्यात यूसीएलए विद्यापीठ आणि शिक्षण खातं मिळून चालवतात ती एक कम्युनिटी स्कूल २००९ पासून आहे. तिथल्या बहुतेक मुलांचे आईवडील दुसऱ्या देशांतून आलेले, काहींकडे कागदपत्रं नाहीत. शाळेनं विचारलं, तुमची सगळ्यात मोठी काळजी कुठली? 'घरी परत जाऊ तेव्हा आई असेल ना?' ही काळजी घेऊन पोर वर्गात बसत असेल तर फळ्यावरचं काय डोक्यात शिरणार? म्हणून २०१९ पासून तिथं यूसीएलएच्या लॉ स्कूलचं इमिग्रेशनची मदत करणारं सेंटर आहे. शाळेत वकील! व्हिसाची टांगती तलवार म्हणजे काय हे ऑनसाइट गेलेल्या प्रत्येक मित्राला विचारा. आपल्यासाठी ती तलवार म्हणजे परत पुण्याला येणं. त्या पोरांसाठी ती म्हणजे घर मोडणं.

मग मार्क वाढले का?

हा आपला लाडका प्रश्न. आणि तो विचारायलाच हवा, कारण पैसा जनतेचा आहे.

न्यूयॉर्कच्या प्रयोगाचा अभ्यास रँड या संशोधन संस्थेनं केला. २०२० मध्ये रिपोर्ट आला. हजेरी सगळ्याच इयत्तांत वाढली. हायस्कूल वेळेत पूर्ण करणारे वाढले. लहान वर्गांतली भांडणं, शिस्तीच्या तक्रारी कमी झाल्या. गणितात फरक दिसला, पण तो तिसऱ्या वर्षी. इंग्लिशच्या वाचनात म्हणावा तसा फरक दिसला नाही. कॅलिफोर्नियाच्या पहिल्या तुकडीतल्या शाळांचा अभ्यास २०२५ मध्ये आला, त्यातही सगळ्यात ठळक सुधारणा हजेरीतच.

आता दुसरी बाजू. त्याच न्यूयॉर्कमध्ये 'रिन्युअल स्कूल्स' नावाची योजना निघाली होती. शहरातल्या सगळ्यात मागे पडलेल्या शाळा निवडायच्या, त्यांना कम्युनिटी स्कूल करायचं आणि वर तीन वर्षांत मार्क वाढवून दाखवायचे. २०१४ ते २०१९, खर्च ७७ कोटी डॉलरच्या घरात. काही शाळा सुधारल्या, बऱ्याच नाहीत, काही बंद झाल्या. 'नापास शाळा' असा बोर्डच लागल्यावर पालकांनी मुलं काढून घेतली. फेब्रुवारी २०१९ मध्ये मेयरसाहेबांनी योजना गुंडाळली. म्हणजे मॉडेल तेच, पण एका ठिकाणी घाई आणि कपाळावर शिक्का. दवाखाना उघडला म्हणून मूल लगेच अपूर्णांक सोडवत नाही. ते शाळेत येतं, बसतं, ऐकायला लागतं. पुढचं काम चांगल्या शिक्षकाचं आणि त्याला वेळ लागतो. ऑयलरमध्येही मुलं टिकली, पण मार्क काही त्या वेगानं धावले नाहीत. आपण काय म्हणायचं? मला विचाराल तर आठवीनंतर गायब होणारं मूल बारावीच्या वर्गात बसलेलं दिसतं, हाही निकालच आहे.

पण खरं टेन्शन पुढेच आहे. हा सगळा पैसा ग्रँटचा. कॅलिफोर्नियात शाळेला मिळणारी मोठी ग्रँट पाच वर्षांची. ज्या शाळांना २०२२ मध्ये मिळाली, त्यांची मुदत २०२७ मध्ये संपते. मग को-ऑर्डिनेटरचा पगार कोण देणार? वॉशिंग्टनकडे बघावं तर २०२५ मध्ये ट्रम्प सरकार आलं आणि त्यांच्या २०२६ च्या बजेट प्रस्तावात या योजनेसाठी वेगळा पैसाच राहिला नाही. काही शाळांच्या चालू असलेल्या ग्रँटही २०२५ च्या शेवटी मध्येच थांबल्या. कॉन्ट्रॅक्टवरचा माणूस गेला की काय होतं, हे कॉर्पोरेटमध्ये आपण रोज बघतो. इथं फरक एवढाच की फाइल दुसऱ्याच्या डेस्कवर जात नाही. ज्या आईनं चार वर्षांत त्या एका माणसावर विश्वास टाकलेला असतो, ती परत फोन उचलत नाही. मेरीलँड राज्यानं यातून धडा घेतला. २०२१ च्या कायद्यानं गरीब वस्तीतल्या शाळांना को-ऑर्डिनेटर आणि आरोग्यसेवक यांचा पैसा शाळांच्या नेहमीच्या निधीच्या सूत्रातच बसवला. ग्रँट नाही, हक्क. मला तरी यातला हा सगळ्यात शहाणा निर्णय वाटतो.

आणि आपल्याकडे?

आपल्याकडे काहीच नाही, असं कृपा करून म्हणू नका. दुपारचं जेवण आपण अमेरिकेला शिकवावं एवढ्या मोठ्या प्रमाणावर देतो. शाळेतली आरोग्य तपासणी आहे, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समिती आली, त्यात तीन चतुर्थांश पालक हवेत आणि निम्म्या बायका हव्यात. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात तर स्पष्ट लिहिलंय की शाळेची जागा रिकाम्या वेळात 'सामाजिक चेतना केंद्र' म्हणून वस्तीसाठी वापरता येईल. फ्लिंटच्या पीटी सरांचीच आयडिया की!

म्हणजे खांब आपल्याकडेही आहेत. नाही तो धागा धरणारा माणूस. खिचडीचा हिशेब शिक्षकाकडे, तपासणीच्या याद्या शिक्षकाकडे, समितीचं प्रोसिडिंग शिक्षकाकडे, वर इलेक्शन आणि जनगणनेची ड्युटी. मग 'चार दिवस आली नाही ती पोरगी कुठंय?' हे विचारायला जायचं कुणी आणि कधी?

आता यात तुमचा-माझा काय संबंध? आहे ना. २०१३ च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर घालवावे लागतात. त्यामुळे तुमच्यापैकी अर्ध्या जणांनी कधी ना कधी ऑफिसच्या टी-शर्टमध्ये महापालिकेच्या शाळेची भिंत रंगवली असणार. फोटो पण टाकले असणार! भिंत रंगवायला माझी ना नाही. पण वर्षाला चार भिंती रंगवण्याच्या खर्चात शाळेला एक पगारी माणूस किती महिने देता येईल, हा हिशेब एकदा एक्सेलमध्ये मांडून बघा. आणि एका वर्षासाठी नको, निदान पाच वर्षांसाठी मांडा. पुढच्या वेळी एचआरचा मेल आला की ब्रश उचलायच्या आधी हेडबाईंना एवढंच विचारा, "मॅडम, तुमच्या शाळेतल्या किती मुलांना फळा दिसत नाही?" त्यांना आकडा माहीत नसेल तर त्यांच्यावर चिडू नका. मोजायला माणूसच दिलेला नाही.